नौकेच्या पिछाडीची पुनर्बांधणी : राळ आणि काचतंतू यांची निवड

लहान यांत्रिक नौकेच्या पिछाडीस एक आडवी, बहुधा सपाट अशी भिंत असते. बाहेरून टांगावयाचे यंत्र, ज्यास व्यवहारात आउटबोर्ड म्हणतात, ते ह्याच भिंतीच्या वरच्या कडेवर शिकंज्याने आवळून बसविलेले असते. नौकाबांधणीच्या परिभाषेत ह्या भिंतीस ट्रान्सम हे नाव आहे. नौकेचा तळ कितीही सुस्थितीत असला तरी ट्रान्सम कुजली म्हणजे ती नौका समुद्रात नेण्याजोगी राहत नाही. बाहेरून तिचे काचतंतूंचे कवच चकचकीत दिसते आणि आतील लाकूड मात्र हाताने चुरडावे इतके मऊ झालेले असते. असे कवच उघडून आतील गाभा बदलावयाचा, तर कोणती राळ घ्यावी व तिच्याबरोबर काचेचे कोणते कापड वापरावे, हा प्रश्न वरवर पाहता कारागिराचा वाटतो. वस्तुतः तो पृष्ठरसायनाचा व बहुवारिकांच्या दृढीकरणाचा प्रश्न आहे.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या नागपुरात हा विषय कोणास अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा माणसे नौकांतूनच बाहेर काढावी लागली. रबरी बचावनौकेसही यंत्र टांगण्यासाठी मागे एक कडक फळी असतेच. शिवाय कृत्रिम राळांचे अध्ययन ह्या नगरीस नवे नाही; १९४२ मध्ये स्थापन झालेल्या लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्थेत लेपनद्रव्ये व प्लास्टिके यांचे शिक्षण दीर्घकाळ दिले जात आहे. आणि राळेच्या दृष्टीने पाहता नागपूरच्या हवामानाइतकी कठोर परीक्षा कोकणातही होत नाही, हे पुढे दिसेल.

मराठीत ‘राळ’ हा शब्द मुळात झाडाच्या घट्ट झालेल्या डिंकासारख्या स्रावाचा वाचक आहे. पश्चिम किनाऱ्यावर लाकडी नौकांचे सांधे बुजविण्यासाठी राळ आणि तेल यांचे मिश्रण शतकानुशतके वापरात होते. गोव्यात बांधलेली आणि मे २०२५ मध्ये भारतीय नौदलात दाखल झालेली ‘कौंडिण्य’ ही नौका लोखंडी खिळ्यांवाचून, काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून तयार केलेली आहे. तिच्या सांध्यांतही नैसर्गिक राळच आहे. ह्या जुन्या राळेचे काम पाणी अडविणे एवढेच होते. भार वाहण्याचे काम लाकडाचे व दोरीचे. नव्या राळेकडून मात्र पाणी अडविणे, भार वाहणे आणि दोन भिन्न पदार्थांस एकजीव धरून ठेवणे, अशा तिन्ही कामांची अपेक्षा असते. ह्यांतील तिसरे काम सर्वांत अवघड आहे व दुरुस्तीत त्याचाच विसर पडतो.

हे म्हणणे आकड्यांनी पडताळून पाहता येते. सुमारे १० अश्वशक्तीच्या यंत्राचा रेटा ढोबळ मानाने १०० किलोग्रॅम धरावा. पंखा शिकंज्याच्या खाली ६० सेंटिमीटरवर आहे आणि यंत्राचा खालचा टेकू ३० सेंटिमीटरवर आहे, असे समजू. तर वरच्या कडेस १०० किलोग्रॅमची ओढ मागे बसते व टेकूपाशी २०० किलोग्रॅमचा दाब पुढे बसतो. भिंतीवर येणारे नमन-आघूर्ण ३०० न्यूटन-मीटरच्या आसपास येते. आता ३६ मिलिमीटर जाडीचा प्लायवूडचा गाभा व दोन्ही बाजूंस प्रत्येकी २ मिलिमीटरचे काचकवच अशी रचना घेतली आणि ३० सेंटिमीटर रुंदीचा पट्टा हा भार वाहतो असे मानले, तर कवचातील ताण प्रति चौरस मिलिमीटर १३ न्यूटन इतकाच भरतो. चांगल्या विणलेल्या काचथराचे तन्यबल २०० न्यूटनच्या घरात असते. म्हणजे बळाची चणचण मुळीच नाही. लाटांचे धक्के हिशेबात घेऊन भार तिप्पट धरला तरी नाही.

परंतु हीच दोन कवचे गाभ्यापासून सुटली, तर ती स्वतंत्रपणे वाकू लागतात. तेवढ्याच आघूर्णाने त्यांच्यातील ताण मग प्रति चौरस मिलिमीटर ७५० न्यूटनपर्यंत जातो. काच तीच, राळ तीच, जाडी तीच. मधला बंध गेला एवढाच फरक, आणि ताण पन्नास पटींहून अधिक वाढला. राळेच्या पत्रकात छापलेल्या तन्यबलाच्या आकड्यांवरून निवड करणाऱ्याची दिशाभूल होते ती येथे. १३ न्यूटनच्या ताणास कोणतीही राळ पुरेल. लाकडाशी असलेला बंध ओल, ऊन व धक्के सोसून वर्षानुवर्षे कोणती राळ टिकवील, हेच पाहावयाचे असते.

लाकूड कुजते ते कवकांमुळे. लाकडातील ओल २० टक्क्यांच्या बरीच वर गेली आणि हवा मिळाली की कवकांची वाढ होते. खारे पाणी त्यांस काहीसे मारक आहे. पावसाचे गोडे पाणी पोषक. म्हणून समुद्रात फिरणाऱ्या नौकेची ट्रान्सम पुष्कळदा समुद्रात कुजत नाही, तर किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या काळात, वरच्या कडेच्या भेगेतून व बोल्टांच्या छिद्रांतून मुरलेल्या पावसाच्या पाण्याने कुजते. तलावातील नौकेस तर गोड्या पाण्यावाचून दुसरे पाणीच ठाऊक नसते. दोष लाकडाचा नव्हे. गोव्यातील दिवार बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या नौकाबांधणी केंद्रात तयार झालेली ‘म्हादेई’ ही शिडाची नौका लाकडाच्या पट्ट्या एपॉक्सी राळेने जोडून व वर काचतंतूंचे आवरण देऊन बांधलेली होती. २००९ मध्ये ती नौदलात आली. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी तीच प्रदक्षिणा कोठेही न थांबता पुरी केली. दक्षिण महासागरात जे लाकूड टिकले ते पाण्यापासून पूर्णपणे बंद केलेले लाकूड होते.

बाजारात ह्या कामासाठी मुख्यतः तीन राळा मिळतात : पॉलिएस्टर, व्हिनिल एस्टर आणि एपॉक्सी. तिन्ही ऊष्मादृढ आहेत. म्हणजे एकदा जाळीदार रचना झाली की त्या पुन्हा वितळत नाहीत.

असंतृप्त पॉलिएस्टर ही नौकाबांधणीतील सर्वांत प्रचलित राळ होय. तीत ३५ ते ४५ टक्के स्टायरीन असते. कोबाल्टच्या लवणाने प्रवेगित केलेल्या ह्या राळेत मिथिल एथिल कीटोन पेरॉक्साइड शेकडा १ ते २ प्रमाणात मिसळले की स्टायरीन व पॉलिएस्टर यांच्या साखळ्या परस्परांशी जोडल्या जातात. (कोबाल्ट व पेरॉक्साइड एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, स्फोट होतो. पेरॉक्साइडचा थेंब डोळ्यात गेल्यास दृष्टी जाण्याचे भय असते.) दृढीकरणात ह्या राळेचे आकारमान ५ ते ८ टक्क्यांनी घटते. नवीन साच्यात, काचेचे ओले थर एकावर एक चढत असताना, हा संकोच फारसा बाधत नाही, कारण सर्व थर रासायनिक दृष्ट्या एकाच वेळी जुळतात. दुरुस्तीत मात्र एक पृष्ठभाग जुना, घट्ट झालेला असतो व दुसरा लाकडाचा. तेथे राळ आकसते आणि सांध्यावर सोलणारा ताण कायमचा ठेवून जाते. शिवाय लाकडाच्या तंतूंशी तिचे रासायनिक आकर्षण कमी आहे, आणि सागवानासारख्या तेलकट लाकडातील काही द्रव्ये तिचे दृढीकरणच रोखतात. लाकडावर चढविलेले पॉलिएस्टरचे कवच काही वर्षांनी पापुद्र्यासारखे अखंड निघून येते, असा अनेक ठिकाणच्या कारागिरांचा अनुभव आहे. त्याचे कारण हे.

एपॉक्सी राळेची गोष्ट वेगळी. तिच्या साखळीवर जागोजागी हायड्रॉक्सिल गट असतात. लाकडातील सेल्युलोजही अशाच गटांनी भरलेले. दोहोंमध्ये हायड्रोजन-बंध निर्माण होतात. संकोच अल्प असल्याने सांध्यावर ताण राहत नाही, आणि साखळीत एस्टर-बंध नसल्याने पाण्याने जलापघटन होण्याचे भय कमी. स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तां व अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली यांनी ह्या राळेचा पाया घातला. ‘अ‍ॅराल्डाइट’ ह्या नावाने ती घरोघरी पोचली ती चिकटद्रव्य म्हणूनच. ट्रान्समच्या दुरुस्तीत तिचा हाच गुण कामी येतो.

तथापि एपॉक्सी ही सर्व दृष्टींनी निर्दोष आहे असे समजणे चुकीचे ठरेल. पॉलिएस्टरमध्ये पेरॉक्साइड कमीजास्त करून वेग बदलता येतो. एपॉक्सीत तसे करता येत नाही, कारण तिचा अमाइन दृढकारक हा रचनेचाच घटक असतो व त्याचे प्रमाण ठरलेले असते. वेग बदलावयाचा तर दृढकारकच दुसरा घ्यावा लागतो. दमट हवेत अमाइन, पाण्याची वाफ व कार्बन डायऑक्साइड यांच्या संयोगाने पृष्ठभागावर एक मेणचट पातळ थर जमतो. तो साध्या पाण्याने धुऊन, घासून काढल्यावाचून पुढील थर चिकटत नाही. बहुतेकांस ही पायरी माहीतच नसते, आणि मग अपयशाचा दोष राळेवर येतो. ऊन्हातील अतिनील किरणांनी ही राळ खडूसारखी भुरभुरीत होते. तिच्यावर रंग हवाच. आणखी एक मर्यादा अशी की साध्या तापमानास घट्ट झालेल्या एपॉक्सीचे मृदुभवन ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान सुरू होते. वैशाखातील नागपुरी उन्हात काळ्या वा गडद निळ्या रंगाची ट्रान्सम ह्याहून सहज अधिक तापते. पांढरा रंग येथे शोभेसाठी नसून बंध टिकविण्यासाठी आहे.

व्हिनिल एस्टर ह्या दोहोंच्या मध्ये बसते. तिचा कणा एपॉक्सीचा, पण दृढीकरण स्टायरीन व पेरॉक्साइड यांच्याद्वारे होते. पाण्यास ती पॉलिएस्टरपेक्षा पुष्कळ अधिक दाद देत नाही. परंतु साठवणीत तिचे आयुष्य काही महिन्यांचेच असते व उष्णतेने ते आणखी घटते. उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली ठेवलेला डबा पावसाळ्यात उघडला असता आत थलथलीत गोळा आढळणे नवलाचे नाही.

राळ ठरली की कापडाची निवड बरीचशी आपोआप होते. मात्र ती राळेपासून स्वतंत्रपणे करता येईल असे मानणे हा ह्या कामातील सर्वांत महागात पडणारा प्रमाद आहे. काचतंतूंची स्वस्त चटई तुकड्यांच्या तंतूंची बनलेली असते. चौरस मीटरला ३००, ४५० वा ६०० ग्रॅम ह्या वजनांत ती मिळते. तिचे तंतू एकत्र धरण्यासाठी जे बंधक द्रव्य शिंपडलेले असते, ते स्टायरीनमध्ये विरघळावे अशी योजना असते. पॉलिएस्टर वा व्हिनिल एस्टर लावताच चटई मऊ पडते, कोपऱ्यात नीट बसते व राळ तीत भरून जाते. एपॉक्सीत स्टायरीन नाही. बंधक विरघळत नाही, चटई पुठ्ठ्यासारखी ताठ राहते, कोपऱ्यात उचलली जाते व तिच्याखाली हवा कोंडते. एपॉक्सी महाग आणि चटई स्वस्त, तेव्हा दोन्हींचा मेळ घालून काटकसर साधावी असा विचार अनेकांस सुचतो. त्यातून निष्पन्न होणारे कवच कोणत्याही एका पद्धतीने केलेल्या कवचापेक्षा वाईट असते.

एपॉक्सीबरोबर विणलेले कापड, किंवा त्याहून उत्तम म्हणजे टाके घालून एकत्र धरलेले द्विदिश कापड वापरावे. विणीत प्रत्येक धागा वरखाली वाकतो. टाक्यांच्या कापडात तो सरळ राहतो व म्हणून ताण लागताच भार घेतो. ट्रान्समच्या सपाट भागावर धागे उभे-आडवे असावेत, कारण नमन त्या दिशांनी होते. कडेला, जेथे ट्रान्सम तळास व बाजूंस मिळते, तेथे ४५ अंशांत तिरपे धागे असलेला पट्टा घ्यावा. तो कोपऱ्यात सुरकुत्या न पडता वळतो व त्याचे सर्व धागे सांधा ओलांडून जातात. कोपरा आधी जाड केलेल्या राळेने गोलसर भरून घेणे आवश्यक आहे, कारण काचतंतू काटकोनात वळत नाहीत. जुन्या कवचाशी सांधा करताना त्याची कड जाडीच्या बारापट लांबीपर्यंत उतरती घासावी.

खर्चाचा आक्षेप येथे विचारात घेणे प्राप्त आहे. वजनामागे एपॉक्सीचा भाव पॉलिएस्टरच्या दुपटीतिपटीने असतो, हे खरे. पण हिशेब वजनामागे नव्हे, कामामागे करावयास हवा. १.२ मीटर रुंद व अर्धा मीटर उंच अशी ट्रान्सम घेतली, आणि आतील कवचासाठी ६०० ग्रॅमच्या कापडाचे तीन थर किंवा ४५० ग्रॅमच्या चटईचे चार थर धरले, तर दोन्हींत काचेचे वजन सारखेच, कडेचे पट्टे धरून सुमारे १.६ किलोग्रॅम, भरते. कापडास साधारण आपल्याच वजनाइतकी राळ लागते. चटईस तिच्या वजनाच्या सुमारे अडीचपट. गाभ्याचे तक्ते चिकटविणे, त्यांवर लेप देणे, कोपरे व छिद्रे भरणे यांस दोन्ही पद्धतींत आणखी दोन किलोग्रॅम धरावी. म्हणजे एपॉक्सी लागेल ३.६ किलोग्रॅम आणि पॉलिएस्टर ६ किलोग्रॅम. भाव अडीचपट धरला तरी राळेचा खर्च दीडपटच होतो. कवच उघडणे, गाभा खणून काढणे, यंत्र उतरविणे व चढविणे यांची मजुरी दोन्हींत तीच. दुसऱ्यांदा तेच काम करावे लागले तर ती दुप्पट होते.

गाभ्यासाठी भारतीय मानक ७१० चे सागरी प्लायवूड घ्यावे. त्याचा चिकटवलेला सांधा फिनॉल-फॉर्मॅल्डिहाइडचा असतो व ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा अशी मानकाची अट आहे. मात्र ती अट सरसाच्या टिकण्याची आहे, लाकूड न कुजण्याची नव्हे; हा भेद न कळल्याने पुष्कळ जण तक्त्याच्या कडा उघड्या ठेवतात. लाकूड पाणी शोषते ते मुख्यतः तंतूंच्या टोकांतून, म्हणजे कडांतून. १८ मिलिमीटरचे दोन तक्ते घेऊन सर्व बाजूंस, विशेषतः कडांस, पातळ एपॉक्सीचे दोन-तीन हात द्यावेत. बोल्टाचे छिद्र आधी मोठे पाडावे, जाड केलेल्या राळेने पूर्ण भरावे व ती घट्ट झाल्यावर मधोमध योग्य मापाचे छिद्र पुन्हा पाडावे. मग बोल्टाभोवती पाणी आले तरी त्यास लाकूड भेटत नाही.

राहिला हवामानाचा प्रश्न, आणि येथे कोकण व विदर्भ यांच्या अडचणी एकमेकींच्या उलट आहेत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना जून व जुलै ह्या महिन्यांत मासेमारी बंद असते. नौका वर ओढून शाकारल्या जातात व दुरुस्तीस सवड मिळते ती नेमकी ह्याच काळात, म्हणजे हवा बाष्पाने संपृक्त असताना. ओल्या लाकडावर कोणतीही राळ धरत नाही. काचेच्या तंतूंवर बसलेली ओलही राळेस तंतूंपर्यंत पोचू देत नाही. जुना गाभा काढून नौका तशीच आठवडाभर वाळवावी म्हटले तर जुलैत ती वाळत नाही. मे महिन्याच्या अखेरीस कवच उघडून गाभा बसवून घेणे आणि पावसात केवळ घासणे व रंगाची तयारी करणे, हा त्यावरील व्यवहार्य मार्ग दिसतो. पण मेअखेरचे दिवस हे मासेमाराच्या कमाईचे दिवस असतात. ते सोडण्यास तो राजी नसतो, आणि त्यास दोष देता येत नाही.

नागपुरात अडचण ओलीची नाही, वेगाची आहे. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. ४५ अंश तर बहुतेक उन्हाळ्यांत गाठले जातात. तापमान १० अंशांनी वाढले की अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. २५ अंशांस अर्धा तास हाताळता येणारे मिश्रण ४५ अंशांस सात-आठ मिनिटांतच घट्ट होऊ लागते. शिवाय भांड्यात साचलेली राळ स्वतःच्या उष्णतेने तापत जाऊन धुमसू लागते. उपाय साधे आहेत : मंदगती दृढकारक, थोड्या थोड्या प्रमाणात मिश्रण, खोलगटाऐवजी पसरट भांडे, आणि पहाटेची वेळ. तापमान चढत असताना लाकडातील छिद्रांतील हवा प्रसरण पावते व ताज्या लेपात बुडबुडे उठवते. सूर्यास्तानंतर, लाकूड निवत असताना लेप दिला तर तीच हवा आकुंचन पावून राळ आत ओढून घेते.

ह्या सर्व विवेचनात पॉलिएस्टरची बाजू अगदीच लंगडी आहे असे नाही. गाभा लाकडाचा नसून फोमचा किंवा ओतीव मिश्रणाचा असेल, किंवा नौका केवळ दोन-चार हंगाम काढण्यापुरती सावरावयाची असेल, तर आयसोफ्थॅलिक जातीचे पॉलिएस्टर व चटई यांचा मेळ पुरेसा आहे. तसेच ट्रान्समच्या बाहेरील जेलकोट जुना ठेवावयाचा असेल, तर दुरुस्ती आतील बाजूने करणे इष्ट, कारण अपुऱ्या घट्ट झालेल्या एपॉक्सीवर पॉलिएस्टरचा जेलकोट नीट वाळत नाही.

बंधाची तुलना कोणत्याही साध्या प्रयोगशाळेत करून पाहता येते. ७१० प्लायवूडच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. एकीवर पॉलिएस्टर व चटई, दुसरीवर एपॉक्सी व विणलेले कापड चढवावे, मात्र एका टोकाशी दोन सेंटिमीटर अंतरावर मेणकागद घालून काच सुटी ठेवावी. आठवड्यानंतर दोन्ही पट्ट्या ६० अंशांच्या पाण्यात काही दिवस बुडवाव्यात, बाहेर काढून वाळवाव्यात आणि सुटे टोक पकडीने धरून काच सोलावी. पॉलिएस्टरचा थर बहुधा स्वच्छ निघून येतो व खाली लाकडाचा पृष्ठभाग जसाच्या तसा दिसतो. एपॉक्सीच्या थराबरोबर मात्र लाकडाचे तंतू उपटून येतात.